इंग्रजीतला ‘द’ शिकायचाय? गॅसवरचं दूध बघा

मागच्या एका व्हिडिओत मी बोललो होतो, “व्याकरण सोडा, बिनधास्त इंग्रजी बोला.” बऱ्याच जणांना ते आवडलं. आज त्यातलं अर्धं मला मागे घ्यायचंय. का, ते सांगतो.

आपल्या बॅचमधली एक ताई. थेरगावात, सोळा नंबरच्या बसस्टॉपपासून दोन गल्ल्या आत राहते. घरातून डबे करते. दोन वर्षं हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरांना डबे दिले, मग ओळखीतून चाकणच्या एका कारखान्याच्या ऑफिसची ऑर्डर मिळाली. 45 डबे, महिन्याचे 26 दिवस, डब्याला 90 रुपये. म्हणजे महिन्याला 1,05,300 रुपयांचं बिल. तिने मदतीला दोन बायका ठेवल्या, मोठं पातेलं घेतलं, टेम्पोवाल्याशी महिन्याचा हिशोब ठरवला.

तिथले ॲडमिनचे साहेब बाहेरच्या राज्यातले, त्यामुळे सगळं बोलणं व्हॉट्सॲपवर आणि इंग्रजीत. तिसऱ्या महिन्यात त्यांचा मेसेज आला: ‘फ्यू पीपल आर हॅपी विथ द लंच.’ ताईने वाचला, खुश झाली. काही लोक खुश आहेत म्हणतायत! तिने उत्तर दिलं, ‘थँक यू सर’, आणि पुढे दोन हात जोडलेले. मलाही तो मेसेज दाखवला. मी क्लास घेण्याच्या गडबडीत होतो. वाचला आणि म्हणालो, “छान, लगे रहो.”

महिनाअखेरीस ऑर्डर बंद. ताईने फोन करून कारण विचारलं तर साहेब म्हणाले, मी बारा तारखेलाच तुम्हाला कळवलं होतं, तुम्ही नुसतं थँक यू म्हणालात.

‘अ फ्यू पीपल आर हॅपी’ म्हणजे काही लोक खुश आहेत. ‘फ्यू पीपल आर हॅपी’ म्हणजे खुश असणारं जवळपास कोणी नाही. फरक एका ‘अ’चा. साहेबांनी तक्रार केली होती आणि आम्ही दोघांनी मिळून तिला शाबासकी समजून घेतलं. नंतर कळलं की भाजीत तेल जास्त होतंय, एवढंच लोकांचं म्हणणं होतं. तेल कमी करणं काय अवघड होतं?

म्हणून आता माझं मत असं. बोलताना ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ चुकला तर बिलकुल घाबरू नका, समोरच्याला कळतं. पण ज्या ओळीवर ऑर्डर, पैसे किंवा तक्रार अवलंबून आहे, ती ओळ वाचताना आणि लिहिताना ही तीन चिमुकली अक्षरं बघितलीच पाहिजेत. आणि ती शिकायला पाच-दहा हजारांचा कोर्स लागत नाही. आपलं स्वयंपाकघर पुरतं.

आपल्याला हे का जड जातं? कारण मराठीत ही वस्तूच नाही. ‘एक’, ‘एखादा’, ‘तो’, ‘ती’ यांनी आपण थोडंफार काम भागवतो, पण नेहमी लावत नाही. शाळेत ‘अ म्हणजे एक आणि द म्हणजे तो’ असं शिकवलं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीने इंग्रजी घोटलं. पाठांतर झालं, तरी ‘द’ कुठे लावायचा हा घोळ काही सुटला नाही. माझा स्वतःचा घोळ सुटला तो दुधाने.

बघा. घरात दूध संपलंय. तुम्ही मुलाला म्हणता, “दूध आण.” इंग्रजीत: ‘गेट सम मिल्क.’ कुठलंही दूध, कुठल्याही डेअरीचं. आता गॅसवर दूध ठेवलंय आणि तुम्ही आंघोळीला निघालात. जाता जाता म्हणता, “दूध बघ गं.” इंग्रजीत: ‘वॉच द मिल्क.’ का? कारण कुठलं दूध ते दोघांनाही माहीत आहे. मराठीत दोन्हीकडे नुसतं ‘दूध’. इंग्रजीत मात्र बोलणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं: मी कशाबद्दल बोलतोय ते समोरच्याला ठाऊक आहे का? ठाऊक असेल तर ‘द’. दुकानातून मीठ आणायला सांगताना ‘बाय सम सॉल्ट’, जेवताना ताटासमोरचं मीठ मागताना ‘पास मी द सॉल्ट’. मीठ तेच.

हा एक प्रश्न मनात विचारायची सवय लागली की निम्म्याहून जास्त ‘द’ आपोआप जागेवर बसतात.

आता हेच धंद्यात आणा. पार्टी लिहिते, ‘प्लीज सेंड अ सॅम्पल.’ म्हणजे कुठलाही एक नमुना पाठवा, तुमचा चांगला असेल तो. पार्टी लिहिते, ‘प्लीज सेंड द सॅम्पल.’ म्हणजे आधी कुठला तरी ठरलाय, तोच पाठवा. कुठला ठरलाय हे तुम्हाला आठवत नसेल तर थांबा, जुने मेसेज वर करून वाचा, नाहीतर सरळ विचारा. मसाल्याचा धंदा असो की चाकणला पाठवायचा मशीन केलेला पार्ट, चुकीचा नमुना गेला की आठवडा गेला.

सरावासाठी मी बॅचमध्ये एकच गोष्ट करायला लावतो: कांदेपोहे इंग्रजीत बोलून करायचे. छापील रेसिपी वाचायची नाही, कारण इंग्रजी रेसिपी छापताना जागा वाचवायला ‘अ’ आणि ‘द’ बऱ्याचदा गाळतात. आपण तोंडाने बोलायचं, समोर कोणी तरी उभं आहे असं समजून.

‘टेक अ बिग अनियन अँड अ ग्रीन चिली. चॉप दि अनियन. स्लिट द चिली. वॉश सम पोहा. हीट सम ऑइल इन अ कढई. व्हेन दि ऑइल इज हॉट, ॲड सम मस्टर्ड सीड्स.’

बघितलं का काय झालं? कांदा पहिल्यांदा आला तेव्हा ‘अ’. एकदा ओळख झाली की ‘द’. तेल आधी ‘सम ऑइल’, तापल्यावर ‘दि ऑइल’. लग्नात पाहुण्याची ओळख करून देतो तसं, पहिल्यांदा “हे एक आमचे स्नेही”, नंतर तेच “ते साहेब”. आणि उच्चार ऐका: चिलीच्या आधी ‘द’, अनियनच्या आधी ‘दि’. पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की ‘दि’. लिहायला दोन्ही सारखंच.

याच कारणाने इडली, उत्तप्पा, ऑम्लेट, एग यांच्या आधी ‘ॲन’ येतो, आणि वडा, डोसा, पापड यांच्या आधी ‘अ’. कानाने ठरवायचं, अक्षर बघून नाही. ‘ॲन उत्तप्पा’, पण ‘अ युनिट’, कारण युनिटची सुरुवात ‘य’ अशी ऐकू येते. ‘अ वन-लिटर कॅन’, कारण वनचा ‘व’. ‘ॲन अवर’, कारण तिथला एच मुका. कोटेशन लिहिणाऱ्यांनी दोन जास्तीचे लक्षात ठेवा: ‘ॲन एमआरपी ऑफ’ आणि ‘ॲन एफएसएसएआय नंबर’. एम आणि एफ ही व्यंजनं, पण नाव उच्चारताना तोंडातून आधी ‘ए’ निघतो.

मोजता येणं आणि न येणं, हा पुढचा भाग. इथे हसायला येतं पण पैसेही जातात. पोळी मोजता येते: ‘अ चपाती’, ‘थ्री चपातीज’. भात मोजता येत नाही, म्हणून ‘अ राइस’ होत नाही. प्लेट मोजा: ‘टू प्लेट्स ऑफ राइस’. हॉटेलात वेटर ओरडतो “टू राइस!” ते तिथे चालतं, बिलावर नको. कॉफी, चहा हे तसे न मोजण्यातले, पण ऑर्डर देताना ‘टू कॉफीज’ म्हणतात, कप गृहीत धरून. आणि चिकन! ‘आय हॅड चिकन फॉर लंच’ म्हणजे जेवणात चिकन होतं. ‘आय हॅड अ चिकन फॉर लंच’ म्हणजे अख्खी कोंबडी एकट्याने संपवली. नॉनव्हेजची ऑर्डर घेणाऱ्याला पार्टीने ‘टू चिकन्स’ लिहिलं तर दोन प्लेट की दोन अख्ख्या कोंबड्या, हे फोन करून विचारा. लाजू नका.

डबेवाल्यांसाठी एक खास. ब्रेकफास्ट, लंच, डिनर यांच्या आधी सहसा काहीच लागत नाही. ‘लंच इज ॲट वन.’ ‘वी सर्व्ह ब्रेकफास्ट.’ पण विशेषण आलं की ‘अ’: ‘अ लाइट लंच’. आणि ठरावीक जेवणाबद्दल बोलणं असेल तर ‘द’: ‘द लंच यू सेंट ऑन ट्यूजडे’. पार्टीच्या मेसेजमध्ये ‘द लंच’ दिसला की समजा, तुमच्याच डब्याबद्दल काहीतरी म्हणायचंय, चांगलं किंवा वाईट. पूर्ण वाचा.

आता ते ‘फ्यू’. मी हे बोर्डवर तीन वेळा लिहून घेतो, कारण आमची ऑर्डर यावर गेलीय. ‘अ फ्यू’ म्हणजे काही आहेत. ‘फ्यू’ म्हणजे जवळपास नाहीत. मोजता न येणाऱ्या वस्तूंना ‘अ लिटल’ आणि ‘लिटल’. ‘देअर इज अ लिटल सॉल्ट लेफ्ट’: थोडं आहे, आजचं भागेल. ‘देअर इज लिटल सॉल्ट लेफ्ट’: संपत आलंय, दुकान गाठा. उलट बाजूनेही बघा. तुम्ही नव्या पार्टीला लिहिता, ‘वी गेट फ्यू कम्प्लेंट्स.’ छान, तक्रारी येतच नाहीत म्हणायच्या. चुकून ‘अ फ्यू कम्प्लेंट्स’ लिहिलं, तर तुम्हीच कबूल केलं की काही तक्रारी येतात. शंका वाटली तर मी सांगतो तो साधा उपाय करा: ‘फ्यू’ वापरूच नका. ‘सम’ किंवा ‘व्हेरी फ्यू’ लिहा. म्हणजे गोंधळ नाही. समोरून ‘फ्यू’ आला तर मात्र दोनदा वाचा.

इथे कोणी म्हणेल, सर, एवढं डोक्यात ठेवायचं तर धंदा कधी करायचा? मान्य. म्हणून हेही सांगतो की कुठे याची गरजच नाही. मेनूकार्ड, पाकिटावरचं लेबल, दुकानाची पाटी, व्हॉट्सॲप कॅटलॉग. तिथे ‘मिसळ पाव विथ फरसाण’ एवढं पुरतं. उलट ‘द मिसळ विथ द पाव’ लिहाल तर विचित्र दिसेल. आपल्याकडे नवीन इंग्रजी शिकलेल्या माणसाची चूक ‘द’ कमी पडण्याची कमी आणि जास्त होण्याची जास्त. ‘वी मेक द फूड विथ द लव्ह’ अशी एक पाटी मी डांगे चौकातून वाकडकडे जाताना रोज बघतो. मालकाची पावभाजी एक नंबर आहे, म्हणून बोलत नाही.

आणि समोरचा माणूस कोण आहे तेही बघा. आपल्या पट्ट्यात चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, जपानी सप्लायर तर कितीतरी. यातल्या जर्मन माणसाच्या भाषेत ‘द’ला तीन-तीन रूपं आहेत, त्याला हा विषय पाण्यासारखा. पण जपानी आणि कोरियन भाषेत आपल्यासारखेच आर्टिकल नाहीत. ते साहेबही ‘अ’ आणि ‘द’ गाळतात, तुमच्याइतकेच अडखळतात. मग त्यांच्या मेसेजमधल्या ‘फ्यू’चा अर्थ व्याकरणावरून काढणं धोक्याचं. अशा ठिकाणी मी म्हणतो, आकडा मागा: ‘हाऊ मेनी पीपल, सर?’ चार शब्द आहेत, कोणालाही जमतात.

या विषयावर बोलताना ‘इंग्लिश विंग्लिश’ आठवल्याशिवाय राहत नाही. 2012 चा सिनेमा, गौरी शिंदे यांचा. श्रीदेवीने केलेली शशी गोडबोले पुण्याची, घरातून लाडू करून विकणारी. दिग्दर्शिकेने सांगितलंय की सिनेमा तिच्या आईवरून सुचला. आई पुण्यात घरातून लोणच्याचा व्यवसाय करायची आणि इंग्रजी सफाईने येत नव्हतं. म्हणजे ही आपल्याच गावाकडची गोष्ट आहे. सिनेमात न्यूयॉर्कच्या वर्गात शशी विचारते की युनायटेड स्टेट्सच्या आधी ‘द’ लावता, मग इंडियाच्या आधी का नाही? मला तो प्रश्न फार आवडतो, कारण तो चांगल्या धंदेवाईकाचा प्रश्न आहे: नियम सगळ्यांना सारखा का नाही? उत्तर असं, की ज्या देशाच्या नावात ‘स्टेट्स’, ‘किंगडम’, ‘एमिरेट्स’ असा साधा शब्द आहे किंवा नाव अनेकवचनी आहे, जसं नेदरलँड्स, त्याला ‘द’ लागतो. बाकीच्यांना सहसा नाही. आपल्याकडचं उदाहरण घ्या: थेरगावला ‘द’ नाही, पण शेजारून वाहणाऱ्या पवनेला आहे, ‘द पवना’, कारण नद्यांना लागतो. दुबईला मसाले पाठवायची स्वप्नं बघणाऱ्यांनी पत्त्याआधी पत्र लिहिताना ‘द यूएई’ लिहा.

त्या सिनेमाबद्दल माझी एक तक्रारही आहे. लोक तो बघून ‘इंग्रजी आलं की मान मिळतो’ एवढंच घेऊन घरी जातात. शशीचे लाडू आधीपासून विकले जात होते, हे कोणी लक्षात घेत नाही. आमच्यासारख्या ट्रेनर लोकांनीही या भीतीवर बरंच दुकान चालवलंय, मी पण त्यात आलो.

आता वाक्प्रचार. इंग्रजी मेलमध्ये खाण्याचे वाक्प्रचार पावलोपावली येतात आणि खाण्याचा धंदा करणाऱ्याची तिथे जास्त फसगत होते, कारण त्याला ते खरंच खाण्याबद्दल वाटतात. एका मुलाला पार्टीने लिहिलं, ‘टेक हिज डिलिव्हरी डेट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ म्हणजे त्या सप्लायरने दिलेल्या तारखेवर पूर्ण विश्वास ठेवू नका. हा मला विचारतो, सर, डिलिव्हरीत मीठ कुठून आलं? ‘वी हॅव अ लॉट ऑन अवर प्लेट’ म्हणजे ताट भरलेलं नाही, हातात कामं खूप आहेत, तुमचं नंतर बघू. ‘हाफ-बेक्ड प्रपोजल’ म्हणजे कच्चं, अर्धवट विचार केलेलं. ‘दिस क्लायंट इज अवर ब्रेड अँड बटर’ म्हणजे याच्यावर आमचं घर चालतं.

यातले काही आपल्याकडेही जसेच्या तसे आहेत. आपण लोणी लावतो, ते ‘बटर समवन अप’ करतात. कोल्ह्याला द्राक्षं आंबट, त्यांच्याकडे ‘सावर ग्रेप्स’, गोष्ट इसापाचीच. दुधात साखर पडते तेव्हा त्यांच्याकडे ‘दि आयसिंग ऑन द केक’. पण सगळे जुळत नाहीत. शितावरून भाताची परीक्षा किंवा लष्कराच्या भाकऱ्या हे शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगायला जाऊ नका, समोरचा भाकऱ्यांची ऑर्डर समजेल. आणि वाक्प्रचारातले आर्टिकल हे पातेल्याच्या कानासारखे असतात, जिथे बसवलेत तिथेच. ‘अ पीस ऑफ केक’मधला ‘अ’ निघत नाही, ‘ब्रेड अँड बटर’ला ‘द’ डकवायचा नाही. कारण विचारत बसू नका, अख्खं वाक्य पाठ करा.

माझं मत विचाराल तर वाक्प्रचार समजून घ्या, पण स्वतः लिहू नका. कोटेशनमध्ये साधं इंग्रजी हवं. ‘इट्स अ पीस ऑफ केक फॉर अस’पेक्षा ‘वी कॅन डिलिव्हर 60 लंचेस बाय 12:30’ यावर पार्टी पैसे देते.

त्या ताईचं पुढे काय झालं? जुनी ऑर्डर परत आली नाही. दोन महिने मदतीच्या बायकांना अर्ध्या दिवसाचंच काम देता आलं, ते मी बघितलंय. आता तिच्याकडे ताथवड्यातल्या एका ऑफिसचे 30 डबे आहेत. दर शुक्रवारी ती तिकडे एक मेसेज टाकते. मी लिहून दिला नव्हता, तिनेच बनवलाय: ‘सर, हाऊ मेनी पीपल लाइक्ड द लंच? हाऊ मेनी डिड नॉट?’ मागच्या शुक्रवारी उत्तर आलं, 27 आणि 3. त्या तिघांना वांगं नको होतं.